दादी उमऱ्याला निघताना दारोदार का जातात?

प्रिय बाळा,

काल फोनवर तू विचारलंस, "दादी उमऱ्याला निघायच्या आधी अख्ख्या गावात फिरून सगळ्यांची माफी मागतेय, अगदी मासेवालीचीसुद्धा. हे उमऱ्यातच येतं, की आपली कोकणातली रीत आहे? आणि जेद्दाला तिला भेटल्यावर मला नक्की काय काय करायचंय?" कामाच्या गडबडीत तेव्हा नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

माफीचं आधी सांगते, कारण दादींचा उमरा, म्हणजे मक्केची ही यात्रा, तिथूनच सुरू झालाय. अल्लाहचं काही चुकलं तर अल्लाह माफ करतो, पण माणसाचं देणं किंवा माणसाला दिलेलं दुःख ते त्या माणसानेच माफ करायचं असतं. म्हणून निघण्याआधी उधारी चुकवायची, कुणाची ठेव असेल ती परत द्यायची आणि मनं मोकळी करायची, ही शिकवण दीनची, म्हणजे आपल्या धर्माचीच आहे. दारोदार जाण्याची पद्धत मात्र आपल्या गावची. पूर्वी दापोलीकडची माणसं आधी बोटीने मुंबईला यायची आणि तिथून हाजींच्या जहाजाने जेद्दाला जायची. मुंबईची ती जहाजं 1995 पर्यंत चालू होती. प्रवास लांबचा, माणूस परत येईल याची खात्री नसायची. म्हणून निघणारा प्रत्येक उंबऱ्यावर जाऊन म्हणायचा, "काही बोललो-चाललो असेन तर माफ करा." आता विमान काही तासांत पोचवतं, पण रीत टिकली, आणि टिकली ते फार चांगलं झालं. मासेवालीशी दादींनी वर्षानुवर्षं भावावरून हुज्जत घातलीय, मग तिला वगळून कसं चालेल? शेजारच्या काकूही दरवेळी म्हणतात, "आमच्यासाठीपण दुआ मागा." त्यांची नावं दादी पाठ करून नेतात. तूसुद्धा निघण्याआधी तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीशी बोलून घे. गेल्या महिन्यात तुमचं बिनसलं होतं ना?

आता उमरा. हजला जिल्हज महिन्यातले ठरावीक दिवस असतात, उमरा वर्षभरात कधीही करता येतो. आपण कोकणी मुसलमान शाफई, म्हणजे सुन्नींच्या एका धर्ममताचे, आणि शाफई मतात ऐपत असलेल्याला आयुष्यात एकदा उमरा फर्ज (बंधनकारक) आहे. तुझ्या हैदराबादच्या मैत्रिणी हनफी, म्हणजे दुसऱ्या मताच्या असतील तर त्या "सुन्नत आहे", म्हणजे पैगंबरांची रीत आहे, फर्ज नाही, असं म्हणतील. दोन्ही बरोबर, वाद घालू नकोस.

मक्केच्या चहूबाजूंनी मीकातच्या हद्दी ठरलेल्या आहेत. उमऱ्याला जाणाऱ्याने अहराम बांधल्याशिवाय, म्हणजे यात्रेची पवित्र अवस्था धरल्याशिवाय, त्या ओलांडायच्या नाहीत. तू इंग्लंडहून येणार, दादी आणि चाचा मुंबईहून, त्यामुळे तुमच्या मीकाती वेगळ्या. जेद्दाला उतरून मग अहराम, असं मनात आणू नकोस. घरून आंघोळ करून निघ, विमानात मीकात जवळ आल्याचं सांगतील तेव्हा नियत (मनातला संकल्प) कर आणि लब्बैक ("मी हजर आहे" ही हाक) सुरू कर. झोप लागायची भीती वाटली तर नियत थोडी आधी केलेली चालते. चाचांना दोन बिनशिवलेल्या चादरी लागतात. बाईला अहरामाचा वेगळा कपडा नाही, रोजचेच साधे, अंगभर कपडे. चेहऱ्यावर नकाब नको, हातमोजे नकोत. नियत केल्यावर अत्तर, सुगंधी साबण, नखं कापणं, केस तोडणं सगळं बंद. विमानात सुगंधी ओले रुमाल देतात, तेही घेऊ नकोस. आणि भांडण बंद, हे विसरू नकोस.

हरममध्ये, म्हणजे काब्याभोवतीच्या मशिदीत, पोचल्यावर तवाफ. काबा डाव्या हाताला ठेवून सात फेरे, प्रत्येक फेरा हजरे-अस्वदच्या, म्हणजे काब्याच्या कोपऱ्यातल्या काळ्या दगडाच्या, रेषेपासून. तिथे गर्दीत घुसून दगडाला हात लावायची धडपड करू नका, लांबून हाताने इशारा पुरतो. काब्याला लागून अर्धगोल भिंत आहे, तो हतीम. फेरा त्याच्या बाहेरूनच घ्यायचा, आतून गेलात तर तो मोजला जात नाही. तवाफला वुजू (नमाजआधीचं हात-तोंड-पाय धुणं) लागतो. गर्दीत परक्या पुरुषाच्या हाताला हात लागला तर आपल्या मतात वुजू तुटतो, हनफी मतात तुटत नाही. तवाफपुरतं हनफी मत धरायला बरेच उलेमा मुभा देतात. दादींना सांग, निघण्याआधी गावच्या मौलानांना विचारून घ्या, म्हणजे तिथे जीव घाबरा होणार नाही.

फेऱ्यांत काय वाचायचं म्हणून छापील पुस्तक डोळ्यांसमोर धरून चालू नकोस. रुकने-यमानी (काब्याचा त्याआधीचा कोपरा) ते हजरे-अस्वद या टप्प्यात "रब्बना आतिना" ही दुआ म्हण, तुला पाठ आहे. बाकी आपल्या बोलीत माग. दादी तर कोकणीतच मागतात, आणि मला वाटतं त्यांच्याइतकं मनापासून मागणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

मग मकामे-इब्राहीमच्या (काब्याजवळ हजरत इब्राहीमांच्या पावलांचा दगड आहे त्या जागेच्या) मागे, जागा मिळेल तिथे दोन रकात नमाज, जमजम विहिरीचं पाणी, आणि सई, म्हणजे सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमधले सात फेरे. सफापासून सुरुवात, सफा ते मरवा हा एक फेरा, मरवा ते सफा दुसरा, सातवा मरवावर संपतो. एक फेरा साधारण साडेचारशे मीटरचा, म्हणजे एकूण तीन किलोमीटरच्या वर चालणं होतं. दादींचे गुडघे तेवढे चालणार नाहीत. वरच्या मजल्यावर विजेवर चालणाऱ्या गाड्या मिळतात, त्या घ्या. दादी "मी चालते" म्हणतील. ऐकू नकोस, गाडीत बसूनही त्यांची सई होते. मध्ये हिरवे दिवे लागतात तिथे पुरुष भरभर चालतात, बायका नेहमीच्या चालीने. तान्ह्या इस्माईलसाठी पाणी शोधत इथे धावल्या त्या बीबी हाजरा. एका आईची ती धाव आज जगभरचे पुरुष धावतात, हे मला फार मोठं वाटतं.

शेवटी केस. चाचा मुंडण करतील. तू आणि दादी बोटाच्या पेराएवढे कापा, की अहराम सुटला.

एक गोष्ट बायकांतच बोलली जाते म्हणून इथे लिहिते. नेमकी पाळी आली तर रडत बसू नकोस. अहरामात राहा, लब्बैक म्हण, दुआ माग, फक्त तवाफ थांबव आणि पाक झाल्यावर कर. पैगंबरांच्या शेवटच्या हजच्या वेळी त्यांच्या पत्नी हजरत आयेशांना असंच झालं होतं. पैगंबरांनी त्यांना तवाफ सोडून बाकी सगळं करायला सांगितलं, आणि नंतर आयेशांच्या भावाबरोबर हरमच्या हद्दीबाहेर तनईमला पाठवून उमरा करवला. मक्केत असताना दुसरा उमरा करायचा तर लोक आजही तनईमलाच जाऊन अहराम बांधतात. तिथल्या मशिदीला आयेशांचं नाव आहे. तारखा जवळ असतील तर परतीचं तिकीट दोन दिवस पुढचं काढ.

मदिनेला जाणं उमऱ्याचा भाग नाही, पण दादी तिथे गेल्याशिवाय परतणार नाहीत. रौजात, म्हणजे तिथल्या मशिदीत पैगंबरांच्या कबरीजवळच्या जागेत, नमाज पढायची तर सौदी सरकारच्या नुसुक अ‍ॅपवर वेळ घ्यावी लागते, बायकांची वेगळी. चाचांना ते जमत नाही, तू काढ. दादींच्या पासपोर्टचा फोटो मी तुला आज रात्री पाठवते.

तुझी अम्मी