दोन वर्षांचं कॉलेज, पण तयारीला वर्ष एकच

नमस्कार दादा,

तुम्ही लिहिलंय की कंपनी तुम्हाला एच-वन-बी व्हिसावर चिंचवडहून कॅलिफोर्नियातल्या सनीवेलला पाठवते आहे, जुलैत सगळं घरच निघणार आहे. लेक नुकतीच बारावी सायन्स झाली, तिला कम्प्युटर सायन्स करायचंय. कुणीतरी सुचवलं की दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज करा आणि मग बर्कलीच्या विद्यापीठात जा. तुमच्या मेव्हण्यांचं म्हणणं मात्र असं की कम्युनिटी कॉलेज म्हणजे ज्यांना कुठेच प्रवेश मिळत नाही त्यांची सोय, त्यापेक्षा पोरीला पुण्यातच ठेवा. मी मूळची साताऱ्याची. बे एरियातल्या एका कम्युनिटी कॉलेजच्या ट्रान्सफर सेंटरमध्ये काम करते, म्हणजे इथून विद्यापीठात जाणाऱ्या मुलांची तयारी करून घेणं हेच माझं रोजचं काम. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मेव्हण्यांचा मुद्दा. कॅलिफोर्नियाने १९६० साली उच्च शिक्षणाचा एक आराखडा केला. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया म्हणजे यूसी, कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, आणि कम्युनिटी कॉलेजं अशी तीन अंगं त्यात ठरली. कम्युनिटी कॉलेजचं दार सगळ्यांना उघडं, आणि तिथे नीट शिकलेल्याला तिसऱ्या वर्षाला विद्यापीठात जाण्याची वाट, ही रचना मुळातच ठरवून केलेली आहे. आज राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत. यूसी बदलीचे (म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून तिसऱ्या वर्षाला येणारे) विद्यार्थी घेताना याच कॉलेजांतल्या मुलांना पहिलं प्राधान्य देते, आणि शेवटी पदवी यूसीचीच मिळते. दार उघडं आहे म्हणून अभ्यास सोपा आहे, असा अर्थ कृपा करून काढू नका. तुमच्या भागातल्या डी अँझा किंवा फूटहिल या कम्युनिटी कॉलेजांच्या गणिताच्या वर्गात बसलेलं मूल असं कधी म्हणणार नाही.

पैशांचं सांगते. राज्याचा रहिवासी धरला गेलेल्या विद्यार्थ्याला सेमिस्टरच्या एका युनिटला (युनिट म्हणजे कोर्स मोजायचं माप) ४६ डॉलर पडतात, क्वार्टर पद्धतीच्या, म्हणजे सेमिस्टरपेक्षा छोटी सत्रं असलेल्या, कॉलेजात ३१. बदलीसाठी ६० सेमिस्टर किंवा ९० क्वार्टर युनिटं लागतात, म्हणजे दोन वर्षांची शिकवणी फी तीन हजार डॉलरच्या आत. पण पहिल्या वर्षी ही फी तुम्हाला लागू होणार नाही. रहिवासी ठरायला राज्यात वर्षाहून थोडा जास्त मुक्काम आणि इथेच राहण्याच्या इराद्याचे पुरावे लागतात: भाडेकरार, कॅलिफोर्नियाचं लायसन्स, इथे भरलेला राज्याचा कर. एच-फोर, म्हणजे एच-वन-बीवाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावरच्या मुलांना हा दर्जा मिळू शकतो, एफ-वन या विद्यार्थी व्हिसावरच्यांना नाही. तेव्हा पहिल्या वर्षी कित्येक पट फी भरायची तयारी ठेवा, आणि विमानाच्या बोर्डिंग पासपासून सगळे कागद एका फाइलमध्ये लावायला लागा. यूसीत बाहेरच्या विद्यार्थ्याला मूळ फीवर वर्षाला आणखी चौतीस हजार डॉलरहून जास्त मोजावे लागतात, त्यामुळे या फाइलची किंमत पुढे कळेल.

आता जे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते. लोक म्हणतात, दोन वर्षं आहेत, पहिलं वर्ष रुळायला जाऊ दे. तसं नाही हो. तुमची लेक समजा या सप्टेंबरच्या अखेरीस डी अँझाला बसली. फॉल, विंटर, स्प्रिंग आणि उन्हाळा, असं एक वर्ष होतं न होतं तोच पुढच्या सप्टेंबरात टॅगचा, म्हणजे यूसीच्या प्रवेशहमीचा अर्ज येतो, आणि त्यामागोमाग नोव्हेंबरअखेर यूसीचा मुख्य अर्ज. अर्ज भरताना तिच्या हातात ग्रेड फक्त पहिल्या वर्षाचे असतात. दुसऱ्या वर्षाच्या फॉलचे ग्रेड जानेवारीत कळवायचे, बाकीचे विषय ‘घेणार आहे’ म्हणून लिहायचे. म्हणजे ज्या वर्षात ती नवा देश, नवे उच्चार, नवी बस शिकत असणार, त्याच वर्षावर निवड होते. रुळायचं असेल तर ते जुलै आणि ऑगस्टमध्ये. क्वार्टर बारा आठवड्यांचं असतं, तिसऱ्या आठवड्यात पहिली परीक्षा येऊन ठेपते. आपल्याकडे वर्षाच्या शेवटी नेट लावून अभ्यास करणारी हुशार मुलं इथे पहिल्याच क्वार्टरला बी आणि सी घेऊन माझ्यासमोर बसतात. हुशारी कमी पडत नाही. दर आठवड्याच्या प्रश्नमंजुषेचे आणि गृहपाठाचेही गुण धरले जातात हे त्यांना उशिरा उमगतं.

म्हणून आखणी उलट्या बाजूने करायची: आधी विद्यापीठ आणि विषय, मग तिथून मागे येत पहिलं क्वार्टर. यासाठी असिस्ट डॉट ऑर्ग हे राज्याचं अधिकृत संकेतस्थळ आहे. डावीकडे आपलं कॉलेज, उजवीकडे यूसीचा कॅम्पस आणि विषय निवडला की इथला कुठला कोर्स तिथल्या कुठल्या कोर्सच्या जागी धरला जातो ते समोर येतं. इकडे येण्याआधी चिंचवडच्या घरी बसूनच तिला हे करायला सांगा. बर्कली, सॅन दिएगो, डेव्हिस, अर्व्हाइन, चारही ठिकाणच्या याद्या काढून शेजारी ठेवायच्या. कुठे डिस्क्रीट मॅथ्स लागतं, कुठे फिजिक्सचे दोन कोर्स, कुठे तीन. जे सगळीकडे लागतं ते आधी घ्यायचं.

कम्प्युटर सायन्सला ही साखळी लांब आहे. क्वार्टर पद्धतीत कॅल्क्युलसचेच चार कोर्स एकामागोमाग एक, मग लिनिअर अल्जेब्रा. फिजिक्स सुरू करायला कॅल्क्युलस झालेलं लागतं, डेटा स्ट्रक्चर्सच्या आधी प्रोग्रामिंगचे कोर्स. एक कडी चुकली तर सगळंच पुढे ढकललं जातं. बारावीला डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन झालंय म्हणून इथे क्रेडिट मिळत नाही, बारावी शालेय शिक्षणातच धरतात. पण ते शिकलेलं असल्यामुळे ती थेट कॅल्क्युलसच्या पहिल्या कोर्सला बसू शकते. प्रीकॅल्क्युलसने सुरुवात ‘सेफ’ राहील असं कुणी सांगेल. गणित कच्चं नसेल तर ते ऐकू नका, साखळी तेवढी लांबते.

इंग्रजीबद्दल मुद्दाम लिहिते, कारण आपली मुलं गणितात नाही, इथे अडखळतात. यूसीला इंग्रजी लेखनाचे दोन कोर्स लागतात, दुसरा पहिल्याशिवाय घेता येत नाही, दोन्हींत किमान सी हवा. मुलं घाबरून हे पुढे ढकलतात. माझं मत ठाम आहे: पहिल्याच क्वार्टरला घ्या. इथे सुवाच्य उत्तरं पाठ करून लिहायची नसतात. लेख वाचायचा, त्याच्याशी आपण सहमत आहोत की नाही ते ठरवायचं, दुसऱ्याचे विचार कुठून घेतले ते सांगायचं आणि आपला मुद्दा पुराव्यानिशी मांडायचा. मैत्रिणीचा परिच्छेद घेतला, चार शब्द बदलले, हे आपल्याकडे मदत म्हणून चालून जातं, इथे ती चोरी धरतात आणि नोंद होते. कॉलेजच्या रायटिंग सेंटरमध्ये विनामूल्य मदत मिळते. तिथे जाणं कमीपणाचं नाही, चांगली मुलंच जास्त जातात.

तेच प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सचं. सरांना शंका विचारली तर त्यांना वाटेल हिला काहीच येत नाही, हा संकोच घरूनच येतो. इथे प्राध्यापक आठवड्यात ठरावीक तास फक्त यासाठीच दार उघडं ठेवून बसलेले असतात. पहिल्या दोन आठवड्यांतच जायचं, एखादं अडलेलं उदाहरण घेऊन. आणि एखादा कोर्स खरंच हाताबाहेर जातोय असं दिसलं, तर मुदतीच्या आत माघार घेता येते का ते समुपदेशकाशी बोलून ठरवायचं. रडत शेवटपर्यंत थांबून डी घेण्यापेक्षा तो निर्णय बरा.

टॅग म्हणजे प्रवेशाची हमी देणारा करार. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ हे सहा कॅम्पस तो करतात, विद्यार्थ्याने यातला एकच निवडायचा. बर्कली, लॉस एंजलिस आणि सॅन दिएगो टॅग करत नाहीत. काही विषय टॅगमधून वगळलेले असतात, सांता बार्बराच्या इंजिनीअरिंगला तो चालत नाही, आणि कम्प्युटर सायन्सचं दरवर्षी नव्याने तपासावं लागतं. बर्कलीचं स्वप्न जरूर ठेवा, पण तेवढं एकच ठेवू नका. कम्प्युटर सायन्सला तिथे चारपैकी चार ग्रेड पॉइंट असलेली मुलंही नाकारली जातात. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीचं सॅन होजे स्टेट घरापासून जवळ आहे आणि या भागातल्या कंपन्यांत तिथली मुलं भरपूर आहेत. तो अर्जही ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरायचाच.

यूसीला शिफारसपत्रं लागत नाहीत, सॅट ही प्रवेशपरीक्षाही नाही. चार प्रश्नांची उत्तरं लागतात, प्रत्येकी ३५० शब्दांत. बदलीच्या विद्यार्थ्यांना त्यातला एक सक्तीचा: निवडलेल्या विषयासाठी तुम्ही काय तयारी केली? एच-फोरवर पगारी इंटर्नशिप करता येत नाही, म्हणून या उत्तरासाठी क्लब, एखादा स्वतः उभा केलेला प्रकल्प, स्पर्धा हेच कामी येतं. तेही पहिल्या वर्षातच सुरू व्हायला हवं.

तुम्ही विचारलंय की पालक म्हणून आम्ही कोणाला भेटावं. दादा, इथे मला स्पष्ट बोलावं लागेल. मूल कॉलेजात गेलं की, वय अठराच्या आत असलं तरी, त्याच्या शैक्षणिक नोंदींचा हक्क केंद्रीय कायद्याने त्याचा स्वतःचा होतो. तुम्ही फोन केलात तर तिच्या लेखी संमतीशिवाय आम्ही तिचे ग्रेड सांगू शकत नाही. आपल्याकडे प्रवेशाच्या रांगेत बाबाच उभे असतात, आणि ते प्रेमापोटीच असतं, मला ठाऊक आहे. इथे मात्र समुपदेशकाची वेळ तिने घ्यायची, कुठला कोर्स कधी घ्यायचा तो शिक्षण-आराखडा तिने बसून करायचा, ई-मेल तिने वाचायचे. ज्या मुलीने पहिल्या महिन्यातच हे स्वतः केलं ती नोव्हेंबरात अर्ज भरताना गोंधळत नाही.

एकविसाव्या वाढदिवसाचं आत्ताच डोक्यात ठेवा. त्या दिवशी एच-फोर संपतो आणि बहुतेक मुलांना एफ-वन घ्यावा लागतो. तुमच्या लेकीच्या बाबतीत ते पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या आसपास येईल, आणि रहिवासी फीचा प्रश्न पुन्हा उभा राहील. इमिग्रेशन वकिलाशी दीड-दोन वर्षं आधी बोला.

निघण्यापूर्वी: नववी ते बारावीच्या गुणपत्रिका, कॉलेज सोडल्याचा दाखला, लसीकरणाची नोंद. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं. पासपोर्टवर नाव जसं आहे तसंच प्रत्येक फॉर्ममध्ये भरा, नाहीतर एकाच मुलीच्या दोन फायली तयार होतात. आणि पुण्यात ‘हाताशी असावा’ म्हणून इंजिनीअरिंगचा प्रवेश घेऊन महिनाभर वर्गात बसवू नका. यूसीच्या अर्जात आधी शिकलेलं प्रत्येक कॉलेज सांगावंच लागतं, लपवलं तर प्रवेश रद्द होऊ शकतो.

कॉलेजचा अर्ज ऑनलाइन आणि विनाशुल्क आहे, तो जूनमध्येच भरता येईल. ओरिएंटेशन आणि शिक्षण-आराखडा लवकर झाला की नोंदणीची तारीखही आधीची मिळते, आणि कॅल्क्युलसचे वर्ग पटकन भरतात. असिस्टवरच्या चार याद्या झाल्या की मला पाठवा. पण त्या तिने पाठवाव्यात, तिच्या प्रश्नांसकट.