सर्टिफिकेटं पाच, मुलाखतीचं बोलावणं एकही नाही

"सर, आता अजून कुठला कोर्स करू?" बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणारी एक केमिकल इंजिनिअर हा प्रश्न घेऊन आली. नंदेसरीच्या कारखान्यात ईएचएस (पर्यावरण, आरोग्य, सुरक्षा) विभागात चार वर्षं झालेली, ओढ मोठ्या कंपनीच्या सस्टेनेबिलिटी, म्हणजे शाश्वत विकास विभागाची. घरच्यांचं मत, नोकरी सोडून परदेशात मास्टर्स कर.

तिची पाचही सर्टिफिकेटं व्हिडिओ पाहून मिळालेली होती. त्यांतून ओळख होते, पण कामाची खात्री पटत नाही. सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण व सामाजिक जबाबदारीचा अहवाल बंधनकारक केला. त्यातला आकडा तपासनिसासमोर टिकला पाहिजे, आणि असा आकडा प्लांटमधून आणणारी माणसं कमी आहेत. ती तर प्लांटमध्येच बसलेली! म्हणून नवा कोर्स थांबवून आधी स्वतःच्या कारखान्याचा वर्षभराचा कार्बन हिशोब, म्हणजे किती हरितगृह वायू सोडले याचा हिशोब, मांडायला सांगितलं.

वीज सोपी निघाली. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा ग्रिड गुणांक (विजेच्या एका युनिटमागचं उत्सर्जन) युनिटला साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे १० लाख युनिटला सुमारे ७०० टन, स्कोप २ मध्ये, म्हणजे विकत घेतलेल्या विजेच्या खात्यात. डिझेलपाशी मात्र ती अडखळली. लिटरला सुमारे २.७ किलो धरून २०,००० लिटरचे ५४ टन लिहिले, पण लिटर घेतले खरेदीच्या बिलांवरून. ३१ मार्चला टाकीत शिल्लक किती, हे पाहिलंच नव्हतं. वापर म्हणजे सुरुवातीची शिल्लक अधिक खरेदी, वजा अखेरची शिल्लक. ब्रिकेटवर (काडीकचरा दाबून केलेल्या इंधनविटांवर) चालणाऱ्या बॉयलरपुढे तिने सरळ शून्य लिहिलं होतं. जैविक इंधनाचा कार्बन डायऑक्साइड वेगळा दाखवायचा असतो, मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मात्र स्कोप १ मध्येच, म्हणजे कारखान्याच्या स्वतःच्या थेट उत्सर्जनात येतात. चिलरमधला, म्हणजे थंड करण्याच्या यंत्रातला गॅस तर राहूनच गेला. आर-१३४ए हा असा गॅस एक किलो गळला, तर हजार किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम होतो. हा आकडा मेंटेनन्सच्या रजिस्टरमध्ये, गॅस भरल्याच्या नोंदीत सापडतो.

हे जमल्यावर कोर्सची निवड आपोआप सोपी झाली. अहवाल लिहायची आवड असेल तर जीआरआय या शाश्वतता अहवालाचे निकष ठरवणाऱ्या संस्थेचा व्यावसायिक अभ्यासक्रम. गुंतवणूकदारांच्या बाजूचं काम हवं असेल तर दोन टप्प्यांची एफएसए (शाश्वततेच्या हिशोबाची) परीक्षा. हिला बॉयलर, पंप, कॉम्प्रेसर यांतच रस. तिला बीईईची, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची एनर्जी मॅनेजरची परीक्षा सुचवली. त्यात तीन पेपर. चौथाही पास झाला की एनर्जी ऑडिटर. इंजिनिअरिंग पदवीधराला ऊर्जेशी संबंधित तीन वर्षांचा अनुभव लागतो. तिच्या अनुभवपत्रात नुसतं 'सुरक्षा व पर्यावरण' होतं, म्हणून इंधन आणि विजेच्या नोंदी ठेवण्याचं काम त्यात स्पष्ट लिहून घ्यायला सांगितलं.

आयएसओ १४००१ या पर्यावरण व्यवस्थापनाच्या मानकाच्या पाच दिवसांच्या लीड ऑडिटर कोर्सलाही ती पैसे भरणार होती. नुसत्या कोर्सने कुणी ऑडिटर होत नाही, प्रत्यक्ष ऑडिटचा अनुभव लागतो. तो खर्च पुढे ढकलला. मास्टर्सचा विषय घरी वर्षभरासाठी बाजूला ठेवायचं ठरलं.

बायोडेटात पाच सर्टिफिकेटांच्या जागी आता एक परिच्छेद आहे: कारखान्याचा स्कोप १ आणि २ चा हिशोब, कुठली बिलं वापरली, कुठला गुणांक, कुठे अंदाज धरला.