सरकारने कॉलेजची फी माफ केली तर गरीब घरातली मुलं खरंच जास्त शिकतील का?

थोडा फरक पडेल, पण वाटतो तेवढा नाही. मी पण आधी फी शून्य करा म्हणणाऱ्यातलाच होतो, मग आमच्या वर्गातला एक मुलगा दुसऱ्या सेमिस्टरला यायचाच बंद झाला. फी पूर्ण माफ होती त्याची! पण खोलीचं भाडं आणि जेवणाचा खर्च निघत नव्हता, वर घरचे मागे लागलेले की आता कमवायला लाग.

आयर्लंडचंच बघा. तिथे १९९६ ला पदवीची फी काढून टाकली, सरसकट सगळ्यांची. नंतर अभ्यासकांनी तपासलं तर गरीब-श्रीमंत घरातल्या मुलांमधलं अंतर काही हललं नव्हतं, कारण गरीब मुलं शाळेतच मागे पडत होती, आणि जी कॉलेजपर्यंत पोचायची त्यातल्या बऱ्याच जणांना सरकारी ग्रँट आधीपासूनच होती. म्हणजे पैसे वाचले कोणाचे, तर ज्यांना परवडत होतं त्यांचे. वर फी गेली तरी 'चार्ज' म्हणून एक रक्कम राहिली ती वाढत वाढत ३००० युरोवर गेली (फी म्हणायचं नाही फक्त 😅).

स्कॉटलंडमध्ये तिथल्या मुलांची पहिल्या पदवीची फी सरकार भरतं, ऐकायला भारी, पण प्रत्येक सीटचा पैसा बजेटमधून जातो त्यामुळे स्थानिक मुलांच्या सीट किती हे पण सरकारच ठरवतं. मार्क असून सीट नाही असं होतं मग.

याच्या उलट इंग्लंड. १९९८ ला वर्षाला १००० पौंड, २००६ ला ३०००, २०१२ ला एकदम ९०००. सगळ्यांना वाटलं आता गरीब मुलं संपली. पण शाळेतून थेट जाणारी गरीब मुलं त्यानंतरही वाढतच गेली, कारण ॲडमिशनच्या वेळी खिशातून काही द्यायचं नव्हतं, फीचं सरकारी कर्ज मिळायचं आणि नोकरी लागून पगार ठरावीक रकमेच्या वर गेला की मगच कापायला सुरुवात. मात्र नोकरी करत पार्टटाइम शिकणारे, वयाने मोठे लोक जे होते ते धडाधड गळाले, त्यांच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही.

म्हणून माझं मत असं की फी किती यापेक्षा ती कधी मागता हे जास्त महत्त्वाचं, आणि सरकारकडे पैसा मोजकाच असेल तर तो सगळ्यांची फी माफ करण्यापेक्षा गरीब मुलांच्या राहण्या-खाण्यावर घाला. इंग्लंडने नेमकं इथेच माती खाल्ली, २०१६ पासून नवीन मुलांची राहण्याखाण्याची ग्रँट बंद करून त्याचंही लोन केलं.

आधी शिका मग कमाईतून फेडा ही पद्धत देशभर पहिल्यांदा ऑस्ट्रेलियाने १९८९ मध्ये आणली. पण ती चालते कारण टॅक्स खात्याला प्रत्येकाचा पगार दिसतो. जिथे बहुतेकांची कमाई कागदावर येतच नाही तिथे वसूल कोण आणि कसं करणार? शिवाय ऑस्ट्रेलियात हे कर्ज महागाईनुसार वाढायचं, २०२३ ला एका झटक्यात ७.१ टक्के वाढलं, लोक इतके चिडले की सरकारला नियमच बदलावा लागला आणि मग २०२५ मध्ये सगळ्यांचं कर्ज २० टक्क्यांनी कमी करायचा कायदा आला.