घन रसायन 'ज्वालाग्राही' आहे की नाही, हे कसं ठरवतात?

तुम्ही विचारलंय की नव्या घन इंटरमिजिएटच्या (अंतिम उत्पादनाआधीच्या मधल्या रसायनाच्या) एसडीएसमध्ये, म्हणजे सुरक्षा-माहितीपत्रकात, 'ज्वालाग्राही घन' लिहायचं का, आणि त्यासाठी फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ ज्योतीने पेट घेते ते) काढून भागेल का. नाही भागणार, फ्लॅश पॉइंट द्रवांसाठी असतो. घनासाठी संयुक्त राष्ट्रांच्या चाचणी-पुस्तिकेतली एन.१ चाचणी करतात. मी सुरक्षा-चाचण्यांचंच काम करतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

बर्नरला हात लावण्याआधी डीएससी (थोडासा नमुना तापवून त्यातून किती उष्णता बाहेर पडते ते मोजणारी चाचणी) करून घ्या. पदार्थ स्वतःहूनच जोरात विघटित होणारा असेल, तर पेटवून बघण्याचा हट्ट धरू नका, त्याचं वर्गीकरण वेगळ्या चाचण्यांनी होतं.

पहिली पायरी सोपी आहे. उष्णता फारशी वाहून न नेणाऱ्या फरशीवर पुडीची २५० मिमी लांब, २० मिमी रुंद, १० मिमी उंच अशी सलग ओळ घालायची आणि एका टोकाला किमान १००० अंश सेल्सिअसची ज्योत जास्तीत जास्त २ मिनिटं धरायची. त्या २ मिनिटांत आग २०० मिमी सरकली नाही, तर पदार्थ या वर्गात येत नाही. (धातूंच्या पुडींना वेगळ्या, जास्त वेळाच्या मर्यादा आहेत.)

सरकली, तर साच्यातून त्रिकोणी छेदाची ओळ काढून खरी मोजणी होते. पहिले ८० मिमी जळू द्यायचे, पुढच्या १०० मिमीला लागणारा वेळ मोजायचा. ४५ सेकंदांपेक्षा कमी लागले की 'ज्वालाग्राही घन'. या १०० मिमीच्या पुढे ओळ १ मिलिलिटर द्रावणाने भिजवलेली असते. आग तो ओला भाग ओलांडून गेली तर श्रेणी १ (जास्त धोक्याची), निदान ४ मिनिटं अडली तर श्रेणी २. कापूर, गंधक, डांबरगोळ्यांचं नॅप्थलीन हे सगळे धोकादायक मालाच्या वाहतूक-नियमांतल्या याच वर्गातले, तिथे त्याचा क्रमांक ४.१.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. ही चाचणी फक्त आग किती वेगाने पसरते ते सांगते. निकाल नकारात्मक आला म्हणून धुळीच्या स्फोटाचा धोका टळत नाही. साखर या वर्गात येत नाही, तरीही ७ फेब्रुवारी २००८ रोजी अमेरिकेत जॉर्जियातल्या पोर्ट वेंटवर्थच्या साखर कारखान्यात साखरेच्या धुळीनेच स्फोट झाले आणि १४ कामगार गेले. म्हणून लॅबला दोन नमुने पाठवा: एन.१ साठी विक्रीला जातो तसाच माल, आणि धूळ-स्फोटाच्या चाचणीसाठी ड्रायरच्या बॅग फिल्टरमधली (धूळ अडवणाऱ्या कापडी पिशवीतली) बारीक पूड.