आधी वेव्हफॉर्म, मग आकडा

तुझा मेसेज वाचला. आरपीव्हीआयच्या, म्हणजे रक्तवाहिन्यांचा डॉप्लर वाचायच्या परीक्षेच्या तयारीत कॅरोटिड, म्हणजे मानेतली धमनी किती अरुंद झालीय ते ठरवायचे तीन वेगवेगळे तक्ते सापडलेत, कुठला पाठ करू म्हणून रडकुंडीला आली आहेस. अगं, २००३ चा एसआरयू कन्सेन्सस, म्हणजे अल्ट्रासाउंड करणाऱ्या रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेचा तक्ता कर, पीएसव्ही म्हणजे रक्ताचा सर्वात जास्त वेग सेकंदाला १२५ सेंटिमीटरपासून पुढे ५० ते ६९ टक्के अरुंद, २३० च्या पुढे ७० किंवा जास्त, तिथे आयसीए-सीसीए रेशो, म्हणजे आतल्या आणि मूळ कॅरोटिडमधल्या वेगांचं प्रमाण, ४ च्या वर. तासाभराचं काम आहे ते. तेवढ्यावर झोप उडवून घेऊ नकोस.

झोप उडायला हवी ती दुसऱ्या गोष्टीसाठी. तू पाठवलेल्या सराव प्रश्नांत प्रत्येक ठिकाणी आधी आकड्याकडे गेलीस, वेव्हफॉर्मचं, म्हणजे पडद्यावर उमटणाऱ्या प्रवाहाच्या लाटेच्या आकाराचं, एक अक्षर नाही. नियर ऑक्लुजनमध्ये वेग उलटा खालीही येऊ शकतो, कधी कधी धड मिळतच नाही, मग २३० धरून बसलीस तर जवळपास बंद झालेली नळी नॉर्मल म्हणून सोडशील. आणि दोन्ही कॅरोटिडला टार्डस-पार्व्हस, म्हणजे हळू चढणारी बुटकी लाट, दिसत असेल तर गळ्यात काय शोधतेस, हृदयाकडे बघ, एओर्टिक व्हॉल्व्ह अरुंद असेल. एकाच बाजूला दिसलं तर अडथळा त्याच बाजूला, पण खाली उगमाकडे. हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. आधी वेव्हफॉर्म बघ, मग आकडा.

आपल्याकडे तर हे रोजचं. 'चलाक लागलंय की पोटरी भरान येता' म्हणत देवगडहून एखादे आजोबा येतात, वीस-पंचवीस वर्षांची डायबिटीस, एबीआय, म्हणजे घोट्याच्या आणि दंडाच्या प्रेशरचं प्रमाण, १.५. सगळे खूश, ब्लड प्रेशर जोरात आहे म्हणे! अरे, कॅल्शियम साचून कडक झालेली धमनी कफने दबतच नाहीये, म्हणून १.४ च्या वरचा आकडा विश्वासाचा नाही. घोट्याजवळ मोनोफेजिक, म्हणजे एकाच टप्प्याची वेव्ह दिसली की पायाच्या बोटाचं प्रेशर घ्यायचं, टीबीआय म्हणजे बोटाच्या आणि दंडाच्या प्रेशरचं प्रमाण ०.७० च्या खाली आला की कळतं काय ते. शिरांचंही तेच, जांघेतल्या कॉमन फेमोरल व्हेनमध्ये श्वासासोबत होणारा चढउतार गेला आणि प्रवाह सलग वाहायला लागला तर वर ओटीपोटातल्या इलियाक शिरेत काहीतरी अडलंय, मांडीत क्लॉट नाही म्हणून सुटका नाही.

एका हॉस्पिटलात मला सांगितलं होतं, मशीनने काढलेले आकडे साच्यात भरा आणि सही करा. मी केली नाही. तिथलं काम गेलं, लोक म्हणाले कुडाळात बसून कसला डॉप्लर, पेशंट गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलला नाहीतर कोल्हापूरला धाडून मोकळा हो. नाही झालो. प्रोब स्वतःच्या हातात धरला, डॉप्लरचा अँगल ६० अंशांच्या वर जाऊ दिला नाही, आणि आजही तसंच वागेन. खंत एकच, वेव्हफॉर्म वाचायला मला शेजारी बसवून कुणी शिकवलं नाही, त्यात बरीच वर्षं गेली. म्हणून तुझ्यावर इतका चिडतो.

आता असं कर, जुन्या केसेस काढ, आकडे आणि रिपोर्ट कागदाने झाक आणि नुसत्या वेव्हवरून काय वाटतं ते वहीत लिही. मग कागद काढ. जिथे जुळत नाही तेवढ्याच मला पाठव, रविवारी दुपारी बसू. आणि रात्री दोनपर्यंत जागू नकोस, तुझ्या आईचा फोन आला होता.