ईसीडब्ल्यू: रक्त आणि उघडं अंग एवढ्यावर लोक टिकले नाहीत

तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसलो. ईसीडब्ल्यू या अमेरिकन कुस्ती कंपनीवर मोठा लेख लिहायचा आहे, ‘सर्वात धक्कादायक क्षण’ छापाची संकलनं आणि स्ट्रीमिंगवरचे काही भाग पाहून झालेत, तरी रक्त, शिव्या आणि तोकड्या कपड्यांतल्या बायका यापलीकडे त्यात असं काय होतं की कंपनी बुडाल्यावरही फिलाडेल्फियाचे लोक तिचं नाव घेत राहिले, ते कळत नाही. ‘सगळं सपाट वाटतं’ हे तुमचे शब्द. मीही बरेच महिने नेमका इथेच अडकलो होतो.

अशा कुस्तीचे निकाल आधी ठरतात, पॉल हेमन हा ईसीडब्ल्यूच्या कथा ठरवणारा कर्ताधर्ता, हे तुम्हाला माहीत आहेच. फक्त एक खात्री करून घ्या. आपल्याकडे टेन स्पोर्ट्सवर दिसायचं, ज्यात काही काळ ग्रेट खली होता, ते २००६ ते २०१० चं, डब्ल्यूडब्ल्यूई या मोठ्या कुस्ती कंपनीचं ईसीडब्ल्यू. आपण बोलतोय ते १९९२ मध्ये सुरू झालेल्या आणि जानेवारी २००१ मध्ये शेवटचा खेळ केलेल्या मूळ कंपनीबद्दल.

आता सर्वात महाग पडणारी चूक. संकलनं आणि बदललेल्या संगीताच्या प्रती पाहून मत बनवू नका. ईसीडब्ल्यू पैलवानांच्या प्रवेशाला बाजारातली प्रसिद्ध गाणी सर्रास वाजवायची. पुढे हक्क डब्ल्यूडब्ल्यूईकडे गेले तेव्हा त्या गाण्यांचा परवाना नव्हता, म्हणून ती काढून दुसरी धून भरली. इथपर्यंत ठीक. पण गाणं हॉलमधल्या भोंग्यांवर वाजत होतं आणि प्रेक्षकांचा आवाज टिपणाऱ्या माइकमध्येही तेच शिरलेलं होतं. गाणं काढायचं तर त्याबरोबर हजार माणसांचा आवाजही जातो आणि त्या जागी साठवणीतला गलका भरावा लागतो. सँडमन या पैलवानाचा प्रवेश घ्या. तो गर्दीतून यायचा, सिगारेट ओढत, बिअरचा डबा स्वतःच्या कपाळावर आपटून रक्त काढत, आणि सगळा हॉल मेटालिकाचं गाणं त्याच्याबरोबर म्हणायचा. ते गाणं काढलं की उरतो गर्दीतून चालणारा एक दारुडा. तुम्हाला सपाट वाटलं ते यामुळे.

ओळखायचं कसं? पहिल्या दोन रांगांकडे बघा. ओठ हलताहेत, मुठी एका ठेक्यात वर जाताहेत, आणि कानावर येणारी धून भलत्याच तालात आहे, तर ती प्रत बदललेली आहे. प्रवेश मधूनच कापलेला असेल किंवा गाणं संपताच गलक्याचा पोत एकदम बदलत असेल, तरी तेच. अशा प्रतीवरून कुस्ती कशी होती ते सांगता येईल, प्रेक्षक कसे होते ते नाही. तुमचा विषय तर प्रेक्षकच आहेत. मी एका स्ट्रीमिंग सेवेच्या मदतकक्षाला साधा प्रश्न विचारला होता की कोणत्या भागांचा ध्वनी बदललाय. चार वेळा ‘ॲप काढून पुन्हा टाका’ एवढंच उत्तर आलं. तुम्ही त्यात वेळ घालवू नका, वर सांगितलेली खूण पुरेशी आहे.

संकलनांचा दोष वेगळा. त्यात क्रम नसतो. ईसीडब्ल्यूची सगळी ताकद क्रमात होती.

१३ ऑगस्ट १९९४ ची रात्र घ्या. त्याच वर्षी सिंगापूरमध्ये एका अमेरिकन मुलाला छडीच्या फटक्यांची शिक्षा झाली होती आणि अमेरिकेत ती बातमी गाजत होती. हेमनने वेताची छडी कुस्तीत आणली. हरेल त्याला फटके, अशी अट. टॉमी ड्रीमर हा पैलवान तोवर देखणा, गोंडस पोरगा म्हणून त्या प्रेक्षकांना डोळ्यांसमोर नको होता. तो हरला, फटके खाल्ले आणि आणखी मागितले. हॉलने त्याला आपला मानला तो त्या क्षणी. त्याच रात्री टेरी फंक या जुन्या पैलवानाने खुर्ची मागितली आणि लोकांनी बसायच्या खुर्च्या उचलून रिंगमध्ये इतक्या फेकल्या की पब्लिक एनिमीची जोडी त्याखाली गाडली गेली. संकलनात दोन्ही प्रसंग ‘हिंसा’ या सदरात पडतात. मला त्यात करार दिसतो: तुम्ही खरा त्रास सोसा, आम्ही तुमच्यासोबत आहोत.

आता तुमचा मुख्य मुद्दा, बायका आणि लैंगिक कथानकं. माझं मत ठाम आहे, पटलं नाही तर सोडून द्या. उघड्या अंगाने लोक एकदा येतात, परत येत नाहीत. परत आणलं ते कथेने. रेव्हन हा खलनायक पैलवान आणि ड्रीमर यांचं वैर जानेवारी १९९५ च्या सुमारास सुरू झालं. त्यात ब्यूला मॅक्गिलिकटी आली, लहानपणीच्या उन्हाळी शिबिरात ड्रीमरने झिडकारलेली जाडी मुलगी, आता मासिकात झळकणारी आणि रेव्हनच्या बाजूची, अशी तिची ओळख. जानेवारी १९९६ मध्ये तिने जाहीर केलं की ती गरोदर आहे आणि मूल रेव्हनचं नाही, ड्रीमरचं आहे. पुढे त्याच वर्षी शेन डग्लस या पैलवानाने फोडलं की गरोदरपण खोटं आहे आणि तिचं बाहेर प्रकरण आहे, तेही किमोना या बाईबरोबर. दोघींनी रिंगमध्ये चुंबन घेतलं. ड्रीमरने रागावण्याऐवजी दोघींनाही जवळ केलं आणि हॉल आरोळ्यांनी दणाणला.

हे चुंबन एकटं पाहिलं तर स्वस्त चाळा आहे, मान्य. पण वर्षभर दर आठवड्याला हे वैर पाहणाऱ्याला त्यात मत्सर, सूड, बालपणीचा अपमान आणि बाजू बदलणं असं सगळं दिसत होतं. त्याच काळात डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये (डब्ल्यूडब्ल्यूईचं तेव्हाचं नाव) कचरा उचलणारा, दंतवैद्य, डुकरं पाळणारा अशी पात्रं फिरत होती, दहा वर्षांच्या पोरांसाठी. वीस-पंचविशीतल्या प्रेक्षकाला तिथे आपलं काहीच नव्हतं. ईसीडब्ल्यूने त्याला प्रौढ समजून वागवलं. प्रौढ आणि अश्लील हे दोन वेगळे शब्द आहेत, तुमच्या लेखात ते वेगळे ठेवा. सँडमनची बायको आणि सात वर्षांचा मुलगा रेव्हनच्या टोळीत गेले, ते १९९६ चं कथानक अंगावर येतं, आणि त्यात एकही कपडा उतरत नाही.

उघड्या अंगाचा व्यावहारिक वापरही होता, तोही लिहा. एकदा रिंग मोडली. दुरुस्ती होईपर्यंत प्रेक्षक बसवून ठेवायचे होते. किमोनाने वरच्या सज्जावर जाऊन कपडे उतरवत नाच केला आणि खाली कामगारांनी रिंग बांधली. दुसऱ्या कंपनीत अशा वेळी लोक उठून गेले असते.

हे सगळं दाखवता आलं त्याचं कारण गरिबी. त्यांचा कार्यक्रम फिलाडेल्फियात स्पोर्ट्सचॅनलवर आणि न्यूयॉर्कमध्ये एमएसजीवर रात्री उशिरा, मध्यरात्रीच्या आसपास लागायचा. मोठा जाहिरातदार नाही म्हणून दबाव कमी. त्या वेळेला जागणारा किंवा व्हीसीआर लावून ठेवणारा माणूस आपोआप निवडला जायचा. कॅसेटी हातोहात फिरायच्या. ज्याला एवढी खटपट करावी लागते तो स्वतःला ग्राहक मानत नाही, घरचा मानतो.

हॉलही तसाच. दक्षिण फिलाडेल्फियात स्वॉन्सन आणि रिटनर रस्त्यांच्या कोपऱ्यावर, हमरस्त्याच्या पुलाखाली, एरवी बिंगो चालायचा. हजार-बाराशे माणसं कोंबून बसायची. लोक घरून किसणी, तवा, वाट्टेल ते आणून पैलवानांच्या हातात द्यायचे. ‘चुकलास’ हे शिवीसकट ओरडून सांगायचे, बायकांना तर फार घाण घोषणा द्यायचे. हे झाकू नका. ब्यूलावर किंवा फ्रान्सिन या दुसऱ्या बाईवर पैलवानाने हात टाकला की टाळ्या पडत, आणि आज ते बघवत नाही. निष्ठा होती म्हणून त्यातलं सगळं चांगलं होतं, असं मी म्हणणार नाही.

हाच हॉल २६ ऑगस्ट १९९५ ला पाहा. एडी गरेरो आणि डीन मालेंको, दोघं डब्ल्यूसीडब्ल्यू या मोठ्या प्रतिस्पर्धी कंपनीत निघालेले, शेवटची कुस्ती, तीनपैकी दोन डावांची, निकाल बरोबरी. रक्त नाही, बाई नाही, छडी नाही. प्रेक्षक ‘जाऊ नका’ म्हणून विनवताहेत. शिवराळ गर्दी एवढीच ओळख खरी असती तर ही रात्र घडली नसती. लेखात एकच कुस्ती तपशिलाने घ्यायची असेल तर ही घ्या.

सीमा कुठे होती त्याचा पुरावा २६ ऑक्टोबर १९९६ चा. रेव्हनच्या टोळीने सँडमनला काटेरी तारेचा मुकुट घालून क्रुसावर बांधलं. रक्ताला सरावलेला तो हॉल गप्प झाला. तीनच महिन्यांपूर्वी अटलांटात ऑलिंपिक सुवर्ण जिंकलेला कर्ट अँगल तिथे पाहुणा होता, तो संतापून निघून गेला. रेव्हनला त्याच रात्री बाहेर येऊन माफी मागावी लागली. त्यानंतर चार आठवड्यांनी, २३ नोव्हेंबरला, मॅसॅच्युसेट्समधल्या रिव्हियरला वय खोटं सांगून रिंगमध्ये आलेल्या १७ वर्षांच्या मुलाला न्यू जॅक या पैलवानाने इतकं खोल कापलं की कंपनीचा पहिला पे-पर-व्ह्यूच (पैसे भरून टीव्हीवर पाहायचा खेळ) धोक्यात आला. ‘काहीही चालायचं’ असं सरसकट लिहू नका. प्रेक्षक स्वतःही सीमा आखत होते.

तो पे-पर-व्ह्यू अखेर १३ एप्रिल १९९७ ला झाला आणि ५२ वर्षांच्या फंकने किताब जिंकला. तो तुम्ही पाहिला असणार, म्हणून पुढे जातो.

तुमच्या ‘अश्लीलतेमुळेच निष्ठा’ या गृहीतकाची परीक्षा घ्यायला दोन तुलना आहेत. पहिली, लॉस एंजेलिसची एक्सपीडब्ल्यू. तिचा मालक पॉर्न निर्मितीतलाच. जुलै २००० मध्ये तिची माणसं ईसीडब्ल्यूच्या लॉस एंजेलिसच्या खेळात पुढच्या रांगेत येऊन बसली आणि मारामारी झाली. पुढे तिने फिलाडेल्फियाचा तोच हॉल भाड्याने घेतला. नग्नता जास्त, रक्त जास्त, हॉल तोच. फिलाडेल्फियाने तिला आपलं मानलं नाही आणि २००३ मध्ये ती बंद पडली. दुसरी, १३ जून २००६, डब्ल्यूडब्ल्यूईच्या नव्या ईसीडब्ल्यूचा पहिला भाग. त्यात केली केली या तरुणीचा कपडे उतरवण्याचा नाच होता. दिसायला किमोनाचाच प्रकार, पण मोडलेली रिंग नाही, मागे कथा नाही, कार्यालयात ठरलेला एक तुकडा. आणि याच्या दोनच दिवस आधी, ११ जूनला, न्यूयॉर्कच्या हॅमरस्टीन बॉलरूममध्ये जुन्या प्रेक्षकांनी डब्ल्यूडब्ल्यूईचा नायक जॉन सीना याने फेकलेला टी-शर्ट पुन्हा पुन्हा त्याच्याकडे परत भिरकावला होता. कंपनी मरून पाच वर्षं झाली होती. लेखात हे दोन प्रसंग शेजारी ठेवा, वेगळं स्पष्टीकरण लागणार नाही.

बुडण्याबद्दल थोडक्यात. १९९८ पासून डब्ल्यूडब्ल्यूएफ तेच शिव्या-देह प्रकरण भरपूर पैसा ओतून, चांगल्या वेळेला दाखवू लागलं, त्यामुळे वेगळेपण गेलं. ऑगस्ट १९९९ मध्ये टीएनएन ही देशभर दिसणारी वाहिनी मिळाली, पण वाहिनीला मूळ मालच नको होता. हेमनने वाहिनीचा माणूस म्हणून सायरस हे खलपात्र उभं केलं, म्हणजे सेन्सॉरशीच भांडण कथेत घेतलं. निष्ठावंतांना ते आवडलं, नवा प्रेक्षक आला नाही. ऑक्टोबर २००० मध्ये कार्यक्रम बंद. एप्रिल २००१ मध्ये दिवाळखोरीच्या अर्जात देणी सुमारे ८८ लाख ८० हजार डॉलर आणि मालमत्ता १४ लाखांच्या आत. निष्ठेने हॉल भरतो, देणी फिटत नाहीत. पैलवानांचे पगार थकले होते, हे रम्य आठवणींच्या नादात बरेच जण गाळतात.

पाहण्याचा क्रम सांगतो. मी इतिहासाचा अभ्यासक नाही, तेव्हा तारखा छापण्याआधी एकदा पडताळा. आधी १३ ऑगस्ट १९९४. मग २७ ऑगस्ट १९९४, शेन डग्लस एनडब्ल्यूए या जुन्या कुस्ती संघटनेचा विजेतेपदाचा पट्टा जमिनीवर टाकतो ती रात्र. मग १९९५ आणि १९९६ चे साप्ताहिक भाग सलग, आठवड्याला तीन-चारच्या वर नको, नाहीतर रक्ताने डोकं बधिर होतं आणि कथा निसटते. दरवेळी वहीत एवढंच टिपा: ब्यूला आज कोणाच्या बाजूला आहे आणि रेव्हन कसा जिंकला. कुस्त्यांचे बारकावे सोडले तरी चालतील.

शेवटी ६ जून १९९७. अडीच वर्षं ड्रीमर रेव्हनला एकदाही एकट्याने हरवू शकला नव्हता. त्या रात्री हरवतो, आणि रेव्हन कंपनी सोडून जातो. शक्य झालं तर संगीत न बदललेली प्रत मिळवा, नाही मिळाली तर निदान पंचाने तीन मोजून निकाल दिल्यानंतरचं पहिलं मिनिट रिंगकडे न बघता खुर्च्यांकडे बघा.