कुस्कोला उतरा, पण पहिल्या दिवशी कुस्कोत थांबू नका

तुमचा बेत वाचला. जूनमध्ये सहा दिवस, बरोबर सासू-सासरे, दोघंही पासष्टीच्या पुढचे, सासरे पक्के शाकाहारी आणि त्यांचे गुडघे दुखरे. पेरूची राजधानी लिमाहून सकाळच्या विमानानं कुस्को, त्याच दुपारी शहर पाहणं, दुसऱ्या दिवशी पहाटे उठून माचू पिचूचं प्राचीन शहर, चौथ्या दिवशी रेनबो माउंटन. आणि प्रश्न एवढाच, की "जमेल ना?"

तुम्हा दोघांना कदाचित जमेल. त्या दोघांना नाही.

लिमा समुद्रकाठी आहे आणि कुस्को साधारण ३४०० मीटरवर, म्हणजे जवळजवळ लेहच्या उंचीवर. विमान सव्वा तासात तुम्हाला तिथे नेऊन टाकतं. लेहला विमानानं गेलेल्या कुणालाही विचारा, पहिले दोन दिवस काय होतं ते. मी कुस्कोला स्पॅनिश शिकायला गेले आणि दीड वर्ष राहिले. बाबा भेटायला आले तेव्हा उत्साहाच्या भरात पहिल्याच संध्याकाळी त्यांना सान ब्लासच्या पायऱ्या चढवल्या. सान ब्लास हा कारागिरांचा जुना मोहल्ला, गल्ल्या सुंदर, पण सगळा चढ. रात्री उलट्या, डोकं फुटायची वेळ आणि दुसरा अख्खा दिवस ऑक्सिजन लावून खोलीत. माणूस रोज पर्वती चढणारा, बरं का. उंचीचा त्रास कोणाला होईल हे तब्येतीवरून ओळखता येत नाही.

म्हणून बेत उलटा करा. माचू पिचू उंच आहे असं सगळ्यांना वाटतं, पण ते २४३० मीटरवर आहे, कुस्कोपेक्षा जवळजवळ हजार मीटर खाली. मधलं उरुबांबा नदीचं खोरं, ज्याला 'व्हाये साग्रादो' म्हणजे पवित्र दरी म्हणतात, तेही कुस्कोपेक्षा खाली आहे. विमानतळावरून बाहेर पडलात की थेट गाडी करून ओयांतायतांबोला जा. गाव २८०० मीटरच्या आसपास आहे, गाडीला दोन तास लागतात. वाटेत चिंचेरो गावापाशी रस्ता कुस्कोपेक्षाही वर चढतो, पण गाडीतून तेवढं पार होतं, तिथे रेंगाळू नका. पहिले दोन दिवस दरीत, तिसऱ्या दिवशी दुपारच्या ट्रेननं माचू पिचूच्या पायथ्याचं गाव आग्वास कालियेंतेस, चौथ्या दिवशी सकाळी माचू पिचू, रात्री कुस्को. शेवटचे दोन दिवस शहराला. तोवर शरीर रुळलेलं असतं आणि तेच शहर दुप्पट आवडतं.

याचा आणखी एक फायदा. या भागात अधूनमधून 'पारो' होतात, म्हणजे संप. रस्त्यावर दगड टाकतात, ट्रेन थांबते. माचू पिचू अगदी शेवटच्या दिवशी ठेवलं आणि नेमका पारो लागला, तर परतीचं विमान हुकतं. मध्ये ठेवलं तर हातात दोन दिवस राहतात.

रेनबो माउंटन मात्र यादीतून काढाच. तो पाच हजार मीटरवर आहे. नुसतं बसलेलं असतानाही धाप लागणं, बोलण्यात गोंधळ, चालताना तोल जाणं यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता खाली उतरायचं असतं, आणि त्या डोंगरावरून पटकन खाली उतरायला तास-दोन तास जातात. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घ्यायची की नाही ते निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, विशेषतः बीपीच्या गोळ्या चालू असतील किंवा सल्फाची अॅलर्जी असेल तर. हॉटेलात 'माते दे कोका' म्हणजे कोकाच्या पानांचा चहा फुकट ठेवलेला असतो. गवती चहा आणि वाळलेलं गवत यांच्या मधली चव. बरं वाटतं, पण तो औषधाच्या जागी धरू नका.

ओयांतायतांबोला लोक ट्रेन पकडण्यापुरते येतात. हे मला कायम खटकतं. स्पॅनिश यायच्या आधीच्या इंका साम्राज्याच्या काळात आखलेल्या गल्ल्यांमध्ये आजही लोक राहतात, दगडी पाटांतून डोंगराचं पाणी खळखळत घरांपुढून वाहतं. सकाळी सातला, सहलीच्या बसा यायच्या आधी, त्या गल्ल्यांत नुसतं फिरा. समोरच्या किल्ल्याच्या पायऱ्या उभ्या आणि पुष्कळ आहेत, सासऱ्यांना खालीच बसवा. वर गुलाबी दगडाच्या सहा प्रचंड शिळा उभ्या आहेत. त्या नदीपलीकडच्या डोंगरातल्या खाणीतून आणल्या, म्हणजे आधी डोंगर उतरवून, नदी ओलांडून, मग पुन्हा चढवून. सासऱ्यांना खाणीचा तो डोंगर खालूनही दिसेल.

दुसऱ्या दिवशी गाडी करून मारासची मिठागरं पाहा. एका खाऱ्या झऱ्याचं पाणी डोंगरउतारावरच्या तीन हजारांवर छोट्या वाफ्यांत फिरवलंय, आणि वाफे गावातल्या कुटुंबांच्या मालकीचे आहेत. पेण-उरणची मिठागरं पाहिलेल्या माणसाला हे कड्यावर टांगलेलं मिठागर पाहून गंमत वाटते. वाफ्यांमधून आता चालू देत नाहीत, वरूनच बघायचं, त्यामुळे गुडघ्यांचा प्रश्न नाही. जवळच मोरायच्या गोल पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांचं खोरं आहे. तेही वरच्या काठावरून छान दिसतं.

तिकिटांचा घोळ असा. 'बोलेतो तुरिस्तिको' नावाचं एकत्रित तिकीट असतं, मी होते तेव्हा १३० सोलला (सोल हे पेरूचं चलन), दहा दिवस चालणारं. त्यात ओयांतायतांबो, पिसाक, मोराय, चिंचेरो, कुस्कोच्या वरच्या अंगाचा साक्सायवामानचा इंका किल्ला वगैरे सोळा ठिकाणं येतात. मारास त्यात नाही, कुस्कोचं कॅथेड्रल नाही, कोरिकांचा हे सूर्यमंदिर नाही आणि माचू पिचू तर नाहीच. माचू पिचूचं तिकीट नाव आणि पासपोर्ट क्रमांकावर, ठरावीक वेळेचं आणि ठरावीक मार्गाचं असतं. जूनसाठी काही महिने आधी काढा. फोटोत दिसतो तो सगळा देखावा हवा तर दुसरा मार्ग, चढ कमी हवा तर तिसरा. तुम्ही दोघं दुसरा आणि ते दोघं तिसरा, असंही करता येईल. दारावर मूळ पासपोर्ट मागतात, झेरॉक्स चालत नाही. स्वच्छतागृह फक्त दाराबाहेर आहे, हे सासूबाईंना आधी सांगा. ट्रेनमध्ये मोठ्या बॅगा नेऊ देत नाहीत, त्या ओयांतायतांबोच्या हॉटेलात ठेवा.

कुस्को ते ओयांतायतांबो 'कोलेक्तिवो', म्हणजे सीटवारी भाड्याच्या गाड्या चालतात. पाविटोस गल्लीतून सुटतात, भरल्याशिवाय हलत नाहीत. मी साताऱ्याची, मला वडापची सवय, त्यामुळे मजेत जायचे. पण सामान आणि वडीलधारी माणसं असताना स्वतंत्र गाडीच बरी. टॅक्सीला मीटर नसतं, बसायच्या आधी भाडं ठरवा. डॉलर नेणार असाल तर कोऱ्या नोटा न्या. जरा फाटलेली किंवा शाई लागलेली नोट कोणी घेत नाही.

आता सासऱ्यांचं जेवण. 'सोय वेहेतारियानो', म्हणजे 'मी शाकाहारी आहे', एवढं म्हणून भागत नाही, कारण बऱ्याच स्वयंपाकघरांत कोंबडी म्हणजे मांस नव्हे. "सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो" (मांस नको, कोंबडी नको, मासे नकोत) असं सुटं सुटं सांगा, आणि सूप आलं की "काल्दो दे पोयो?" विचारा. भाजीचं सूपही बहुतेकदा कोंबडीच्या पाण्यातच केलेलं असतं. निर्धास्त खाण्याजोगं म्हणजे 'चोक्लो कोन केसो': टपोऱ्या, पांढऱ्या दाण्यांचं उकडलेलं कणीस आणि ताज्या चीजचा जाड तुकडा. रस्त्याच्या कडेला बायका टोपल्यात कापडाखाली गरम ठेवून विकतात. बटाट्याच्या तर इतक्या जाती आहेत की सासरे खूश होतील. तिखटासाठी 'आही' मागा. रोकोतो मिरची दिसते भोपळी मिरचीसारखी, लागते लवंगीसारखी. भरलेली रोकोतो मागवू नका, आत खिमा असतो. अख्खा भाजलेला 'कुय', म्हणजे गिनीपिग, शेजारच्या टेबलावर येऊ शकतो. सासऱ्यांना भिंतीकडे तोंड करून बसवा. कॅथेड्रलमधल्या 'शेवटच्या भोजना'च्या चित्रातही येशूपुढच्या ताटात तोच आहे, असं गाइड हमखास दाखवतात.

सान पेद्रोच्या बाजारात फळांच्या रसांच्या बायका रांगेत बसतात. रस पिऊन झाला की पेला पुढे करून "याप्पा, कासेरिता" म्हणा. याप्पा म्हणजे आपलं 'वरचं घाला हो'. मिक्सरमध्ये उरलेला रस ओतून मिळतोच, तो त्यांचा रिवाजच आहे.

शहरात एकच इमारत पाहायची झाली तर कोरिकांचा. इंकांचं सूर्यमंदिर पाडून स्पॅनिशांनी त्यावर सांतो दोमिंगोचा मठ बांधला. १९५० च्या भूकंपात मठाचा बराच भाग कोसळला, खालच्या इंका भिंती जागच्या हलल्या नाहीत. दगडांच्या सांध्यात नख घालून बघा.

जूनचं म्हणाल तर कोरडी हवा, निळं आकाश, दुपारी कडक ऊन आणि रात्री शून्याजवळचं तापमान. स्वस्त हॉटेलात हीटर नसतो, आरक्षणाच्या वेळी विचारून घ्या. २४ जूनला इंती रायमी, म्हणजे सूर्याचा उत्सव असतो. त्याचं आजचं रूप १९४४ पासूनचं आहे, इंकांपासून अखंड चालत आलेलं नाही. त्या आठवड्यात खोल्यांचे भाव पार वर जातात. साक्सायवामानच्या खुर्च्यांना मोठं तिकीट आहे, पण सकाळचा कोरिकांचापुढचा आणि चौकातला भाग फुकट दिसतो. माझं मत विचाराल तर त्याहून कॉर्पुस क्रिस्ती हा कॅथलिक सण भारी. तो ईस्टरनंतर साठ दिवसांनी, गुरुवारी येतो. आदल्या दिवशी वेगवेगळ्या चर्चमधून संतांच्या आणि मेरीमातेच्या मिळून पंधरा मूर्ती खांद्यावरून, वाजतगाजत कॅथेड्रलला येतात आणि गुरुवारी चौकात त्यांची मिरवणूक निघते. तो दिवस तुमच्या तारखांत बसत असेल तर बाकी काहीही सोडा.

स्वेटर घेताना 'बेबी अल्पाका' या पाटीवर विसंबू नका, बराच माल अॅक्रिलिक असतो. खरं विणकाम हवं तर आवेनिदा एल सोलवर पारंपरिक वस्त्रांचं केंद्र आहे, निल्दा कायान्याउपा यांनी १९९६ मध्ये उभं केलेलं. महाग आहे, पण प्रत्येक कापडावर विणणारीचं नाव असतं.

आणि परतीच्या आदल्या रात्री सासूबाईंची पर्स तपासा. हॉटेलातल्या कोका चहाच्या पुड्या आठवण म्हणून कोणीही उचलतं. पण भारतात काय किंवा परतताना अमेरिकेत उतरणार असाल तर तिथे काय, कोकाचं पान अमली पदार्थांच्या कायद्यात बसतं. चहा तिथेच पिऊन संपवा.